कानसेनांच्या घरचा ताठा

शेवटी ठरलं ते असं, की कॅमेऱ्यासमोर फक्त आईच बोलेल.

एवढं ठरायला घराला तीन आठवडे लागले. थोरल्याला स्वतः बोलायचं होतं, कारण वडिलांच्या नावाची संस्था तो चालवत होता आणि वाहिनीशी बोलणीही त्यानंच केली होती. काकांना बोलायचं होतं, कारण तीस वर्षं वडिलांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमाच्या सेटवर ते भावापासून दहा पावलांवर हातात वही घेऊन उभे राहिले होते, आणि त्यांच्या मते निम्मा कार्यक्रम त्या दहा पावलांतच व्हायचा. धाकटीला बोलायचं नव्हतं, पण ते तिनं इतक्यांदा सांगितलं की सगळ्यांना वाटलं, तिलाही बोलायचं आहे. मग एका संध्याकाळी आई म्हणाली, "मी बोलते," आणि विषय मिटला. आई सहसा बोलत नसे, त्यामुळे तिच्या बोलण्याला घरात वजन होतं.

कानसेनांना जाऊन वर्ष होत आलं होतं. हे नाव त्यांना प्रेक्षकांनी दिलेलं. दर शनिवारी संध्याकाळी ते पडद्यावर यायचे, नवख्या गायकांना गायला लावायचे, आणि गाणं संपल्यावर टाळ्या थांबल्या की अगदी हळू, मऊ आवाजात दाद द्यायचे. बाकीचे सूत्रसंचालक ओरडायचे. कानसेनांसाठी लोक घरातला पंखा बंद करायचे. गाणं संपणं आणि दाद येणं यांच्यामध्ये ते क्षणभर थांबत, त्या थांबण्यावर मासिकांतून लेख आले होते. गाणं ते आधी आत मुरू देतात, असं एकानं लिहिलं होतं. थोरल्यानं त्या लेखाची चौकट करून दिवाणखान्यात लावली होती.

दुपारी दोनला दिग्दर्शिका आली, सोबत दोन तंत्रज्ञ आणि चार पेट्या. सोफा भिंतीला गेला, भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून खाली उतरलं. थोरला यजमानाच्या उत्साहानं मध्ये मध्ये करत होता. संस्थेतर्फे वडिलांच्या नावानं पुरस्कार सुरू व्हायचा होता, तो पुढच्या महिन्यात एका नामवंत गायिकेच्या हस्ते द्यायचा होता, आणि आज चित्रित होणारा भाग त्याच कार्यक्रमात दाखवला जाणार होता. पुरस्काराचं नाव होतं 'माझ्यासाठी'. ते कुठून आलं हे देशात कुणाला सांगावं लागत नव्हतं. तरी थोरल्यानं दिग्दर्शिकेला ते सांगितलं.

मग त्यानं घराण्याचा ताठा सांगितला. ही त्याची आवडती गोष्ट. आजोबा पोस्टमास्तर होते. खिडकीशी माणूस घसा कोरडा करायचा, पण आजोबा मान वर करायचे नाहीत. उर्मटपणाबद्दल तीनदा बदली झाली, तिन्ही वेळा त्यांनी निमूट बिछाना बांधला. हाक मारली म्हणून वळायला आपण काय बैल आहोत, असं ते म्हणायचे म्हणे. वडीलही तसेच. रस्त्यात चाहते मागून हाका मारायचे, ते आपले सरळ चालत राहायचे. लोकांना त्याचंही कौतुक वाटायचं.

"आणि ही बघा चौथी पिढी," थोरला म्हणाला आणि त्यानं गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथं त्याची अकरा वर्षांची मुलगी, चिमणी, खोलीकडे पाठ करून चित्र रंगवत बसली होती. "चिमणे, आत ये, पाहुणे आलेत." चिमणीनं पिवळा रंग ठेवला आणि हिरवा घेतला. थोरला खो खो हसला. दिग्दर्शिकाही हसली आणि तिनं काहीतरी लिहून घेतलं. थोरल्याची बायको हसली नाही. ती चहा टाकायला आत गेली.

धाकटीनं खिडकीकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली होती. गेलं दीड वर्ष ती कुठंही गेली की आधी उजेड कुठून येतो ते बघायची. उजेड आपल्या पाठीशी असला की समोरच्यांचे ओठ दिसतात.

हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. घराला एवढंच ठाऊक होतं, की आठ महिन्यांपूर्वी तिनं स्टुडिओतलं काम कंटाळा आला म्हणून सोडलं. एकोणीस वर्षं ती चित्रपटांचं मिक्सिंग करत होती. संवाद, गाणी, दारांचे आवाज, पावलांचे आवाज, काय किती वर आणि किती खाली ठेवायचं ते तिनं ठरवायचं. बापाचे कान घेऊन जन्माला आलीय, असं स्टुडिओत म्हणायचे. मग बारीक आवाज निसटायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? ती म्हणाली, माझे वडील कोण ते तुम्हाला माहीत नाही वाटतं. डॉक्टरही हसले, म्हणाले, मग तो प्रश्नच नको, आणि कागदावर त्यांनी 'नाही' असं लिहिलं. हेडफोनमधल्या आवाजानं कान गेलेत, त्याला उपाय नाही, उरलेलं टिकवायचं तर काम सोडा, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिनं सोडलं. सोडल्यापासून आपण नक्की कोण आहोत हे तिला नीटसं सांगता येत नव्हतं, आणि त्याचा तिला फार राग येत होता.

प्रकाशाची तयारी होईतो दिग्दर्शिकेनं एक गंमत दाखवायला काढली. वाहिनीच्या गोदामात तिला जुन्या फिती सापडल्या होत्या. त्यातली एक त्या प्रसिद्ध शनिवारची होती, पण दुसऱ्या कॅमेऱ्याची. थेट प्रक्षेपणात लोकांना गायिकेचा चेहरा दिसला होता. हा कॅमेरा सगळा वेळ कानसेनांवर होता.

प्रसंग सगळ्यांच्या तोंडपाठ होता. एकोणीस वर्षांची एक मुलगी गाता गाता सुरातून गेली. सावरायला गेली तर आणखी गेली. वादक एकेक करून थांबले, ती थांबली, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि मग कानसेन हसून म्हणाले, "पुन्हा एकदा. माझ्यासाठी." ती पुन्हा गायली, आणि पुढं मोठी झाली. पुढच्या महिन्यात पुरस्कार तीच देणार होती.

धाकटी पडद्याकडे बघत होती. मुलगी थांबली तेव्हा वडिलांचे डोळे मुलीकडे गेलेच नाहीत. ते डावीकडे, पहिल्या रांगेकडे गेले. तिथं थांबले. परत वळून काकांकडे गेले, पुन्हा पहिल्या रांगेकडे आले. चेहऱ्यावर हसू तसंच, पण डोळे शोधत होते. ही नजर तिच्या ओळखीची होती. स्टुडिओतल्या शेवटच्या महिन्यांत ती स्वतः अशीच बघायची. कुणीतरी काहीतरी विचारलंय, काय ते कळलेलं नाही, आता कुणाच्या तरी तोंडावरून उत्तर काढायचं.

तिनं दिग्दर्शिकेला विनंती केली, की आम्हाला दहा मिनिटं घरचं बोलायचं आहे. दिग्दर्शिका तंत्रज्ञांना घेऊन खाली गाडीपाशी गेली.

"काका, बाबा कुणाकडे बघतायत?"

काका वही चाळायला लागले. त्या वहीत वर्षभर काही लिहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, वहिनी पहिल्या रांगेत बसायच्या, तिकडेच बघत असणार.

"ते दिसतंय. का बघतायत?"

"मला विचार," आई म्हणाली.

आईला हा प्रश्न कधीतरी येईल असं वाटत होतं, पण तो मुलीकडून येईल असं वाटलं नव्हतं. तीस वर्षं ती दर शनिवारी पहिल्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर बसली. गाणं संपलं की चष्मा काढायचा. गाणं चांगलं झालं तर चष्मा मांडीवर, बेताचं झालं तर हातात. कानसेन ते बघून बोलायचे, म्हणून तर दाद यायला क्षणभर लागायचा. बायको एकही शनिवार चुकवत नाही, केवढं प्रेम, असं लोक म्हणायचे. प्रेम होतंच, पण काम जास्त होतं. तापातसुद्धा जावं लागायचं.

"त्यांना ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "अगदीच नाही असं नाही. ढोबळ कळायचं, बारीक निसटायचं. पुढं ढोबळही निसटायला लागलं."

काकांनी मान हलवली. त्यांना कार्यक्रमाच्या आठव्या वर्षी विश्वासात घेतलं होतं, तेव्हापासून तेही बोटांच्या खुणा करायचे. कानाला यंत्र लावायला भाऊ तयार नव्हता. यंत्र लावलेला कानसेन कुणी बघितला असता का, हा त्याचा प्रश्न होता आणि त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

थोरला बसला. त्याला आधी वडिलांचं वाईट वाटलं, मग लगेच पुढचा महिना दिसला. छापायला गेलेल्या पत्रिका, ती गायिका, पुरस्काराचं नाव. ती गायिका प्रत्येक मुलाखतीत सांगायची, की माझ्या गेलेल्या सुरातलं गाणं फक्त या माणसानं ऐकलं.

"आता तिला काय सांगायचं? ऐकलंच नव्हतं म्हणून?"

"ते खोटं कुठं बोलले?" आई म्हणाली. "त्यांना खरंच पुन्हा ऐकायचं होतं. पहिल्यांदा काय झालं तेच कळलं नव्हतं. मला त्या पोरीची इतकी दया आली की मी तिच्याकडेच बघत बसले, खूण करायची विसरले. घरी आल्यावर मला म्हणतात, काय झालं होतं गं तेव्हा?"

काका हसले. कुणी हसत नाही असं पाहून थांबले.

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्षं झाकली तशी आणखी झाकावी. मेलेल्या माणसाची फजिती करून कुणाचं भलं होणार होतं? त्याला वाटलं, आई विरोध करेल. पण आई त्याच्याच बाजूनं निघाली. नवऱ्यानं तिच्याकडून शब्द घेतला होता, मी गेल्यावरही नाही. म्हणून तर मुलाखतीला ती स्वतः उभी राहिली होती. काका बोलले असते तर कौतुकाच्या भरात सांडून बसले असते. काकांनी हे मान्य केलं.

"मग ठरलं," थोरला म्हणाला. "आई नेहमीचं बोलेल. ती फीत मी त्यांना वापरू नका म्हणून सांगतो."

"मला पण येत नाही," धाकटी म्हणाली.

ती इतकं हळू म्हणाली की थोरल्यानं विचारलं, काय येत नाही.

"ऐकू."

मग तिनं डॉक्टरांचं सगळं सांगितलं. सांगताना ती आईकडे बघत होती, थोरल्याकडे नाही. डॉक्टरांनी दोन शक्यता सांगितल्या होत्या. एका तऱ्हेचं बहिरेपण घरातून येतं, कानातलं बारीकसं हाड जखडतं. त्यात आपलाच आवाज आपल्या डोक्यात घुमतो, म्हणून माणूस हळू बोलायला लागतो. ते वेळेवर कळलं तर ऑपरेशन होऊ शकतं. पण तिनंच हसून सांगितलं होतं, घरात कुणालाच नाही. त्यामुळं ती शक्यता डॉक्टरांनी खोडून टाकली.

"माझं काम गेलं, आई. एकोणीस वर्षांचं. तुला नुसतं एक वाक्य बोलायचं होतं."

मुलगी हल्ली हळू बोलते हे आईच्या लक्षात आलं होतं. वर्षभर ते ऐकून तिला बरं वाटत होतं, अगदी बापासारखी बोलायला लागलीय म्हणून. आता त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली. तिनं धाकटीचा हात धरायला हात पुढं केला, पण धाकटीनं आपला हात मांडीवरून हलवला नाही.

काका मात्र भलतीकडेच पोचले होते. त्यांना त्यांची आत्या आठवली होती. लग्नानंतर दोन वर्षांत तिला सासरहून परत पाठवलं, सासूच्या हाकेला ओ देत नाही म्हणून. घरच्यांनीही तिलाच बोल लावला. ती उरलेलं आयुष्य मागच्या खोलीत शिवणकाम करत बसायची आणि मुलं तिला घाबरायची. काकांनी बोटं मोजली. आत्या, पोस्टमास्तर, पोस्टमास्तरांचा एक चुलतभाऊ, कानसेन. घरातली सगळी उर्मट माणसं.

"म्हणजे ताठा नव्हताच," ते म्हणाले. "आपण सगळे इतकी वर्षं अभिमान कशाचा धरला?"

थोरल्याची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती कधीपासून उभी होती हे कुणी पाहिलं नव्हतं. या घराच्या भांडणांत ती बोलत नसे. सुनेनं सासरच्या पूर्वजांबद्दल काय बोलायचं, असं तिचं धोरण होतं. तिनं ट्रे खाली ठेवला.

"शाळेतून दोनदा चिठ्ठी आलीय," ती नवऱ्याला म्हणाली. "बोलावलं तरी मुलगी लक्ष देत नाही म्हणून. दोन्ही वेळा तू हसलास. आमच्या घरची आहे, म्हणालास."

थोरला उठला आणि गॅलरीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. चिमणी चार हातांवर होती. त्यानं नेहमीच्या आवाजात हाक मारली. मग जरा मोठ्यानं. तिसऱ्या वेळी तो इतक्या जोरात ओरडला की खाली गाडीपाशी उभ्या दिग्दर्शिकेनं वर पाहिलं. चिमणी झाडाला पानं काढत होती.

तो वळसा घालून तिच्या समोर गेला आणि फरशीवर बसला. तिनं वर पाहिलं आणि खुशीनं हसली.

"बाबा, तू कधी आलास?"

"हाक मारत होतो तुला."

"मला?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं तुम्ही आत तुमचं तुमचं बोलताय. मला कुणी बोलवतच नाही."

थोरल्यानं विचारलं, शाळेत कुणी बोलावतं का. बोलताना तो ओठ नीट हलवत होता, का ते त्यालाही कळलं नाही.

चिमणीनं जरा विचार केला. "बाई माझ्याशी नीट बोलतच नाहीत. तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि मग रागावतात. त्यांना ताठा आहे."

तिनं त्याला चित्रातलं झाड दाखवलं, त्यानं झाड पाहिलं. आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, दोघींना घेऊन, तो बायकोला म्हणाला. मग आईकडे वळला. "आई, तू खरं तेच सांग."

"अरे, शब्द दिलाय मी."

"वहिनी," काका म्हणाले, "शब्द तुम्ही दादाला दिलात. त्याला तो ऐकू तरी आला होता का?"

सगळ्यांत आधी आईच हसली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. धाकटीनं उठून आपली खुर्ची कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी नेली, आईचा चेहरा समोरून दिसेल अशी. चिमणीला हाताला धरून आणून तिनं मांडीशी बसवलं. मुलांचं इथं काय काम, असं या वेळी कुणी म्हटलं नाही.

दिग्दर्शिका वर आली. आईला माइक लावला, दिवे लागले. पहिला प्रश्न आधीच लिहून दिलेला होता: त्यांचा कान इतका तयार कसा झाला?

"नव्हता," आई म्हणाली. "त्यांना ऐकू येत नव्हतं."

दिग्दर्शिकेनं थोरल्याकडे पाहिलं. त्यानं चालू द्या अशी मान हलवली. तिनं कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, कधीपासून.

"ही झाली त्या वर्षापासून." आईनं धाकटीकडे बोट दाखवलं. काकांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि ते दचकले. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा धाकटी सात वर्षांची होती. म्हणजे पहिल्या शनिवारपासून. "ही पाळण्यात रडायची. मी स्वयंपाकघरातून धावत यायचे, तर हे शेजारीच पेपर वाचत बसलेले. मी दोन वर्षं भांडले त्यांच्याशी. बाप आहात की कोण, म्हणायचे. ताठा दाखवायला लेकरूच मिळालं का, म्हणायचे. ते गप्प बसायचे. भांडले तेही त्यांना सगळं ऐकू आलं नसणार."

ती एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं बोलत होती. इतक्या वर्षांत घरानं तिचा हा आवाज ऐकला नव्हता. एक तंत्रज्ञ वाकून हळूच म्हणाला, "बाई, आवाज थोडा कमी केला तरी चालेल. माइक जवळ आहे."

"नको," आई म्हणाली. "मुलींना ऐकू जायला हवं."